आबांचा थेंब

न्हावऱ्याच्या दूध केंद्रावर आबा प्रत्येकाच्या दुधाचा एक थेंब तळहातावर घेत, जिभेने टिपत आणि डोळे मिटत. तेवढा वेळ रांगेतली माणसे बोलत नसत. "चालंल" म्हणाले की मी वहीत नाव लिहीत असे. "आंबूस हाय" म्हणाले की दूध परत जाई. "माणूस खोटं बोलंल, दूध न्हाई बोलायचं," हे त्यांचे ठरलेले वाक्य. मी त्यांचा कारकून, आणि ते वाक्य मला छापील ओळीसारखे खरे वाटे.

माणूस मोठा मायाळू. माझ्या पिशवीत पुस्तक दिसले की दुपारी म्हणत, "वाच की रं मोठ्यानं." दुसऱ्या पानाला घोरू लागत. जागे झाले की पुढे काय झाले ते मात्र विचारत.

बहात्तरच्या दुष्काळात माझ्या विधवा आक्काने एक म्हैस कशीबशी जगवली होती. तिच्यावरच तिचे घर चाले. पुढच्या वर्षी आबांनी आक्काचे दूध लागोपाठ तीन दिवस आंबूस ठरवले. गावात कुजबुज झाली, की कारकुनाची बहीण शिळे दूध मिसळते. आक्का माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, आबांची जीभ चुकत नाही. तिने म्हैस विकली आणि ती खुटबावला लेकीकडे निघून गेली. जाताना माझ्याशी बोलली नाही.

पुढे दोन वर्षांनी केंद्रावर दूध गार करायचे यंत्र आले. ते बसवायला मडगावचा एक फिटर आला होता. त्याचा भाऊ बोटीवर नोकरीला. त्याने पोर्तुगालच्या किनाऱ्यावरून आणलेली पांढऱ्या वाइनची बाटली फिटरने यंत्र सुरू झाल्याच्या आनंदात बर्फाच्या पाण्यातून काढली. दार लोटून घेतले. मला त्याने पेल्यात थोडी दिली. मी आयुष्यात असले काही चाखले नव्हते. कोवळ्या कैरीची फोड चावावी तसा लख्ख आंबटपणा, मागून किंचित खारट, ओल्या दगडासारखा गारवा. माझे दात आंबले.

फिटर आबांना म्हणाला, "आबा, तुमची जीभ तालुक्यात गाजते. तुम्ही सांगा." आबांनी सवयीने थेंब तळहातावर घेतला, टिपला, डोळे मिटले.

"ग्वाड हाय," ते म्हणाले. "द्राक्षं चांगली पिकल्याली दिसत्यात."

फिटर खळखळून हसला. आबांनी थट्टा केली असे त्याला वाटले. मला हसू आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागायच्या आधी मी आबांना त्या 'ग्वाड'बद्दल विचारले. आबा कॅनची झाकणे पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "दुष्काळाच्या साली ताप आला व्हता, तवाच चव गेली. वासबी गेला. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं मला."

"मग आक्काचं दूध?"

"भांडं बघायचो. तिच्या चरवीची कल्हई उडाली व्हती. म्हटलं, उघड्या पितळंत दूध कळकलंच आसंल."

त्यांच्या आवाजात पश्चात्ताप होता, पण बाहेर गाड्यांची घुंगरे वाजली आणि ते उठून तळहात पुढे करून उभे राहिले. मी वही उघडली. त्या दिवशीही त्यांनी सांगितले तेच लिहिले.

त्याच हिवाळ्यात आबा गेले. दहाव्याला लोक त्यांच्या जिभेच्या गोष्टी सांगत होते. मी न जेवता निघालो आणि एसटीने खुटबाव गाठले.

आक्का अंगणात शेंगा फोडत होती. मी सगळे सांगितले. आबांनी फसवले, तुलाही आणि मलाही, असे म्हणालो. तिने सूप बाजूला ठेवले.

"त्यांना चव लागत न्हवती, शंकर," ती म्हणाली. "तुला तर लागत व्हती. तीन दिवस मी तुझ्याम्होरं उभी व्हते. येक घोट घ्यायचा व्हतास की."