इंगळे काकांना पिक्चर कसा वाटला

रविवारी सकाळच्या शोला इंगळे काकांना घेऊन पिक्चरला गेलो होतो... तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. म्हणून लिहितोय.

इंगळे काका म्हणजे माझा कॉलेजपासूनचा मित्र मंगेश, त्याचे वडील. मूळचे वर्ध्याकडचे. कंपनीत नोकरी लागली म्हणून पुण्यात आले आणि येरवड्यात राहिले. पुण्याचं पाणी इतकी वर्षं पिऊनही बोली मात्र तिकडचीच आहे.

मंगेश आता नाही. गेल्या वर्षी ऑफिसमधून घरी येताना, घराजवळच्याच चौकात त्याच्यावर कोयत्याने वार झाले. दोन टोळ्यांचं भांडण होतं, त्यांना दुसराच कोणीतरी हवा होता... शर्ट सारखा होता म्हणे.

मंगेशला हॉरर पिक्चरचं भयंकर वेड. बाकी कोणी बरोबर जायचं नाही, म्हणून मी हक्काचा पार्टनर. मग गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला.

"भुताचा पिच्चर लागला म्हनते. मंगेश राहता तं गेला असता... नेशील का मले?"

मंगेश गेल्यापासून काका दवाखाना सोडून कुठेही गेले नव्हते. मी लगेच तिकिटं काढली. पोस्टरवर दोन सुळे आणि रक्ताचे थेंब होते, म्हटलं व्हॅम्पायरचा पिक्चर असेल. ट्रेलर बघितला नाही...

पहिल्याच सीनला कोयते निघाले.

पिक्चर हॉरर कॉमेडी होता. एका गल्लीतली गुंडांची टोळी आणि तिथे भाड्याने राहायला आलेलं व्हॅम्पायरचं कुटुंब. गुंड मारामाऱ्या करतात आणि व्हॅम्पायर मागून सांडलेलं रक्त गोळा करत फिरतात. थिएटर नुसतं खिदळत होतं, मागे कोणीतरी शिट्ट्या मारत होतं.

मी हळूच म्हटलं, "काका, निघू या."

"काऊन? बस न."

इंटरव्हलनंतर तर कहरच झाला. टोळीच्या भांडणात एक साधा पोरगा चुकून मारला जातो. व्हॅम्पायर त्याला चावतात, तो उठतो आणि घरी जातो. पण व्हॅम्पायरला घरच्या माणसाने बोलावल्याशिवाय आत येता येत नाही. तो बिचारा उंबऱ्याबाहेर उभा... आणि आतून त्याचा बाप लसणाची माळ घेऊन, धोतर सावरत त्याला हाकलतोय. बाप घसरून पडतो, माळ तुटते, लसणाच्या पाकळ्या घरभर. लोक हसून हसून रडायला आले होते.

मी पडद्याकडे बघितलंच नाही, काकांकडे बघत होतो. ते जरा पुढे सरकून बसले होते. पापणीही हलत नव्हती.

बाहेर आलो तर दारातच एक मुलगी माईक घेऊन उभी. लोकांची मतं विचारून रील करणारी असते ना, तशी. "एक नंबर भाऊ, पैसा वसूल!" असं एकजण ओरडून गेला. दुसऱ्याला सेकंड हाफ ताणलेला वाटला. एक आजोबा थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ह्यापेक्षा दाताच्या डॉक्टरकडे गेलो असतो. तिथेही सुळेच बघायचे, पण निदान भूल तरी देतात."

मग तो माईक काकांसमोर आला. मी त्यांचा हात धरून ओढणार, तेवढ्यात काका थांबले.

"पिच्चर चांगला हाये. हसवते. पन त्या बापाचं पटलं नाही मले."

"कुठल्या बाबांचं, काका?"

"पोरगं दारात उभं हाये आन् बाप त्याले लसून दाखवते. असं कोनी करत नसते."

ती हसली. "अहो काका, तो व्हॅम्पायर झालाय ना! आत आला तर रक्त पिईल की!"

"पिऊ दे न," काका म्हणाले. "घरी तं आला."

ती खळखळून हसली. आजूबाजूचे चार लोकही हसले. पाचपैकी किती स्टार ते विचारायचं राहूनच गेलं, कारण काका चालायला लागले होते.

रिक्षाने त्यांना घरी सोडलं.

संध्याकाळी ते रील माझ्याच फोनवर आलं. काकांच्या शेवटच्या वाक्यावर ढॅण्टॅढॅण म्युझिक टाकलेलं. खाली कमेंट्स... काका रॉक्स. काकांना स्टँडअपला बोलवा. काका स्वतःच व्हॅम्पायर दिसतात. हसण्याच्या इमोजींची नुसती रांग.

त्या मुलीला मेसेज करून सगळं सांगितलं. तिचा लगेच फोन आला, बोलताना रडत होती. "दादा, मला खरंच माहीत नव्हतं हो. आत्ता काढते."

म्हटलं, थांब, काकांना विचारतो. मला वाटलं होतं त्यांना काही कळलेलं नसेल. पण शेजारच्यांनी त्यांना रील आधीच दाखवलं होतं.

"काढू नको म्हना तिले," काका म्हणाले. "हसू दे लोकायले. माहा मंग्याही हसला असता... फक्त खाली लिहाले सांग, हे मंगेशचे बाबा आहेत म्हनून."

तिने लिहिलं. तेवढंच, एक ओळ.

तो गेला तेव्हा बातमीत 'टोळक्याच्या हल्ल्यात तरुण ठार' असं आलं होतं. पुढे केस झाली, तारखा पडल्या, आणि काका सगळीकडे 'मयताचे वडील' झाले. मंगेशचे बाबा असं त्यांना कोणी म्हटल्याचं मी तरी खूप दिवसांत ऐकलं नव्हतं.

आता त्या रीलखाली अनोळखी लोक विचारतायत, "मंगेश कोण?"

मी बसलोय... एकेकाला सांगतोय.