खोड्यात उभी चारशे सतरा

गोठ्यावर माझ्या धाकट्या दिरांना सगळे 'खटका' म्हणतात. गायींना लस टोचायला, रक्त काढायला ज्या लोखंडी चौकटीत उभं करतात तो खोडा. त्याचा दांडा ओढला की गायीच्या मानेच्या दोन्ही बाजूंनी फाटकं मिटतात, खट्! बावीस वर्षं हा दांडा भाऊजींच्या हातात आहे. जरा आधी ओढला तर गायीच्या तोंडावर बसतो, जरा उशीर झाला तर गाय निसटते. घरी दुधावर लक्ष ठेवायला सांगितलं तर हमखास उतू घालवणारा हा माणूस तिथे मात्र कधी चुकत नाही, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायची.

गायींच्या कानात बसवायचे इलेक्ट्रॉनिक बिल्ले आले तेव्हा ते रुसले होते. "वहिनी, साडेचारशे गायी मी तोंडावरून ओळखतो. आता हे यंत्र मला त्यांची ओळख करून देणार!" पण महिन्याभरात तेच यंत्र लाडकं झालं. कानाजवळ स्कॅनर धरला की 'टीं' वाजतं आणि पडद्यावर नंबर येतो. नियम असा की बिल्ला आधी कानात बसवायचा, मग स्कॅन करायचा. पण गाय मान झटकते, हात फाटकावर आपटतो. म्हणून भाऊजी बिल्ला हातातच स्कॅन करून घ्यायचे आणि सवडीने कानात बसवायचे. "गायीमागे अर्धं मिनिट वाचतं," असं मला कौतुकाने सांगितलंही होतं.

त्या सकाळी ते चष्मा घरी विसरले. गोठ्यामागेच आमची घरं, म्हणून मी तो द्यायला गेले.

खोड्याच्या पुढच्या तोंडाला ट्रक लागला होता, फळी टाकलेली. महिन्यापूर्वीच्या रक्ततपासणीत चारशे सतरा नंबरच्या गायीला रोग निघाला होता. त्यावर इलाज नाही. इतर गायींना लागायच्या आत तिला नेऊन मारायचं, एवढाच उपाय. खोड्याकडे येणाऱ्या अरुंद गल्लीतून एक गाय शांतपणे चालत आली. खट्! मॅनेजरसाहेबांनी स्कॅनर धरला. टीं.

"चारशे सतरा. हीच ती. खटका, सोड ट्रकमध्ये."

भाऊजींचा हात दांड्यावर होता. तो हलेना.

"काय रे, हात गारठला का?"

"साहेब, ही काजळी आहे."

"काजळी असो नाहीतर पावडर. नंबर जुळला ना?"

ट्रकवाला खिडकीतून ओरडला, "अहो, मला अजून दोन ठिकाणी जायचंय. की इथेच अंथरूण टाकू?"

मी चष्मा पुढे केला. भाऊजींनी तो घातला, वाकून काजळीच्या कानातला आकडा स्वतः वाचला आणि पुन्हा तिच्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांभोवती काळी कडी, सातव्या महिन्याचं पोट. मग त्यांनी स्वतःचा डावा अंगठा बघितला. त्याचं नख अजून काळंनिळं होतं. एकाएकी त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, चक्कर येते आहे.

"डॉक्टरबाई," ते म्हणाले, "रक्त काढलं त्या दिवशी माझा अंगठा चेचला, आठवतंय?"

गायींच्या डॉक्टरबाई रजिस्टर मिटून जवळ आल्या. "हो. ती लाल गाय उधळली तेव्हा."

"तीच, वादळ. चारशे सतराचा बिल्ला मी हातात स्कॅन केला, तुम्ही तिचं रक्त काढलंत, बाटलीवर चारशे सतरा लिहिलंत. बिल्ला कानात बसवायच्या आत ती अंगठा चेचून पळाली. तो बिल्ला मी खोड्याजवळच्या फळीवर ठेवला. मग काजळी आली. तिचा चारशे अठरा, तोही हातातच स्कॅन करून फळीवर टेकवला." ते थांबले. "बसवताना चुकून चारशे सतराचा उचलला. वादळला परत आणली तेव्हा उरलेला तिच्या कानात गेला."

ट्रकचं इंजिन तेवढं घुरघुरत होतं.

"म्हणजे रोगी गाय महिनाभर आत मोकळी आहे?" साहेबांचा आवाज चढला. "आणि यंत्र खोटं?"

"यंत्राने जे हातात दिलं तेच सांगितलं. चूक माझी आहे."

"पक्कं आठवतंय? की गाय आवडीची म्हणून?"

हा घाव वर्मी लागला. काजळी त्यांची आवडती होती, हे सगळ्या गोठ्याला ठाऊक होतं.

"पक्कं नाही," भाऊजी म्हणाले. "म्हणून तर म्हणतोय, दोघींचं रक्त पुन्हा काढा. मी चुकीचं सांगत असेन तर उद्यापासून दांड्याला हात लावणार नाही."

डॉक्टरबाईंनी ट्रकला जायला सांगितलं. दोघी गायी वेगवेगळ्या बांधल्या. "त्या दिवशी एकूण किती बिल्ले बसवलेस?" त्यांनी विचारलं.

"बेचाळीस."

"मग बेचाळीस गायींचं रक्त पुन्हा."

तीन दिवस भाऊजी घरात असून नसल्यासारखे होते. पानातलं अन्न नुसतं चिवडत. जाऊबाई म्हणाली, "अहो, जेवा. गायी तरी रवंथ करतात, तुम्ही तेही करत नाही." एरवी ते हसले असते. मला म्हणाले, "वहिनी, काजळीच रोगी निघाली तर लोक म्हणतील, मायेने आंधळा झाला. वादळ निघाली तर महिनाभर रोग मीच पसरवला."

चौथ्या दिवशी निकाल आला. वादळ रोगी. काजळी स्वच्छ. आणि वादळशेजारी बांधलेली आणखी एक गाय रोगी.

दोघींना त्यांनीच खोड्यात घेतलं, त्यांनीच ट्रकमध्ये सोडलं. साहेबांनी स्कॅनर दुसऱ्याकडे दिला, दांडा तेवढा भाऊजींकडे ठेवला.

शेवटी काजळी आली. जुना बिल्ला कापून काढला होता. भाऊजींनी नवा कानात बसवला. तिने मान झटकली, फाटकावर आपटली, पुन्हा झटकली. स्कॅनरवाला हात पुढे करून कंटाळला.

"हातातच स्कॅन केला असता तर एव्हाना मोकळे झालो असतो."

"थांब," भाऊजी म्हणाले आणि काजळीची मान स्थिर होईपर्यंत तसेच उभे राहिले.