हाय का नाय

घरात टेलिफोन वाजला की मी उठून दुसऱ्या खोलीत जातो. नातवंडं हसतात. हसू देत.

आमच्या कॉलेजात पदवीआधी सहा महिने कारखान्यात काम करायची अट होती. युद्धाचे दिवस होते. मला खालापूरकडचा एक कारखाना मिळाला आणि तिथल्या वायरमन मिस्त्रींच्या हाताखाली दिलं. पहिल्याच दिवशी टेलिफोनवर हात ठेवून त्यांनी बजावलं, "याच्यावर 'हाय का' असं इचारायचं नाय. खरखर लई असते, हाय न् नाय एकच वाटतं. 'खांबावर कोन?' असं इचारायचं. मंग समोरचा नाव सांगंल, नायतर मोकळा म्हनंल. कळलं का रं, कालेजवाल्या?"

मला हसू आलं. आम्ही एवढी गणितं सोडवणारे, आणि प्रश्न कसा विचारायचा ते हे शिकवणार! खोलीवर मित्रांपुढे मी त्यांच्या हाय-नायची नक्कल करायचो.

एका दुपारी नदीवरच्या पंपाची विजेची लाईन दुरुस्तीला बंद ठेवली होती. मिस्त्री पंपाच्या खोलीत टेलिफोनपाशी, त्यांचा मेहुणा खांबावर. इकडे बॉयलरला पाणी कमी पडू लागलं, तसे साहेब माझ्या मानगुटीवर बसले. मी कारखान्यातल्या टेलिफोनचं हँडल फिरवलं आणि ओरडलो, "खांबावर कोणी आहे का?"

खरखरीतून नुसतं "आय" एवढंच आलं. पहिलं अक्षर मला ऐकू आलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. साहेबांसमोर पुन्हा विचारायची लाज वाटली, म्हणून म्हणालो, "नाही." त्यांनी लाईनचा स्विच टाकला.

मेहुणा जागीच गेला.

चौकशीत मी सांगितलं, पलीकडून 'नाय' आलं. मी काय विचारलं होतं, ते कुणी विचारलंच नाही. मिस्त्री खाली मान घालून उभे होते. मला पदवीसाठी लागणाऱ्या कामाच्या दाखल्याची काळजी लागली होती.

निघायच्या दिवशी दाखला मिळाला. काम समाधानकारक, असा शेरा होता. फाटकापाशी मिस्त्री थांबले होते. पहिल्यांदाच त्यांनी मला साहेब म्हटलं.

"साहेब, माझ्या बायकोचा पाठचा भाऊ व्हता. घरात ती माझ्याशी बोलत नाय. मला वाटतं, मी हाय म्हनालो. पन आता माझंच मला कळंना. तुमी ऐकलंत. मी हाय म्हनालो का नाय?"

खरं सांगितलं असतं तर माझा दाखला गेला असता, बस्स. तो माणूस मात्र ताठ मानेनं घरी गेला असता.

"नाय," मी म्हणालो.

त्यांच्याच बोलीत. नक्कल अगदी हुबेहूब जमली होती.