एका तळघरात एकच नाक

स्मिथटनच्या मागच्या टेकड्यांत मर्व्हिन टॅटलोच्या नाकाला जो मान होता, तो राजधानी होबार्टमधल्या कुठल्याही मंत्र्याला मिळाला नाही. शिवाय मंत्री बदलत राहिले, नाक सत्तेचाळीस वर्षं टिकलं. रोज पहाटे दुधाच्या कॅनचं झाकण उघडून मर्व्हिन वास घ्यायचा. पटला नाही तर दूध सरळ डुकरांच्या हौदात. तळघरात आठ महिने मुरलेल्या चीजच्या चाकात तो पोकळ सळई खुपसायचा, बोटभर गाभा बाहेर काढायचा, अंगठ्याने चुरून हुंगायचा. मग उरलेला गाभा भोकात परत बसवायचा, वर लोणी फासायचा आणि चाकाला गुंडाळलेल्या कापडावर खडूची एक रेघ ओढायचा. रेघ असलेलं चाक विकायला, नसलेलं डुकरांना.

हुंगण्याचं काम त्याचं एकट्याचं. "एका तळघरात एकच नाक," तो म्हणायचा. "दोन झाली की भांडण, तीन झाली की समिती." बायको इरिस होती तोवर तिने चाकांची कापडं धुतली. मुलगी जोस्लिन बारा वर्षांची असल्यापासून दूध तापवायची, विरजण लावायची, चाकं उलटायची. सळई मात्र ती एकोणचाळीस वर्षांची झाली तरी नुसती पुसून ठेवायची.

"मी हुंगायला कधी शिकायचं, बाबा?"

"मी मेल्यावर."

"मग शिकवणार कोण?"

"माझी कटकट नसेल ना. आपोआप शिकशील."

एका जुलैत, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, तो गवताच्या माळ्यावरून पाठीवर पडला. डोक्याला मागे सहा टाके पडले आणि पाचव्या दिवशी स्वारी गोठ्यात हजर. "फरशी ठीक आहे ना रे?" आम्ही शेजाऱ्यांनी विचारलं. "तिला जरा जास्त लागलंय," तो म्हणाला. विषय तिथेच संपला.

ऑगस्टमध्ये कावळ्यांनी मुरघासाच्या, म्हणजे आंबवून साठवलेल्या चाऱ्याच्या, गठ्ठ्यांचं प्लास्टिक फाडलं. आत पाणी शिरलं, मुरघास नासला आणि गायींनी तो तक्रार न करता खाल्ला. मर्व्हिनने रोज झाकण उघडलं, वास घेतला, मान डोलावली. एप्रिलमध्ये त्याच दुधाच्या चाकांवर खडूच्या रेघा उमटल्या आणि पहिली तीन चाकं होबार्टला रवाना झाली.

आठवड्यात ती परत आली. दुकानदाराने सोबत चिठ्ठी दिली होती: "मर्व्ह, कापलं आणि दुकान रिकामं झालं. गिऱ्हाईकं येतील परत. भिंतींचं सांगता येत नाही."

"माशांच्या गाडीतून नेलं असणार गाढवांनी," मर्व्हिन म्हणाला.

जोस्लिनने तुकडे डुकरांपुढे टाकले. डुकरांनी हुंगलं आणि तोंड फिरवलं. तेव्हा तिने आयुष्यात पहिल्यांदा घरचा नियम मोडून एक तुकडा नाकाशी धरला. तान्ह्या पोराने ओकलेल्या दुधाचा वास होता. बुरशीच्या आणि ओल्या कापडांच्या दर्पाखाली तो तळघरात इतके दिवस निवांत बसला होता.

बापाचं नाक गेलं असेल, तर ऑगस्टपासूनची एकशे बारा चाकं गेली. आणि हे त्याला सांगायचं, तर त्याच्याजवळ उरणार काय? पण आधी खात्री करून घ्यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी तिने सळई रॉकेलच्या फडक्याने पुसली, एका चाकातून गाभा काढला आणि त्याच्या हातात दिला. रॉकेलचा भपकारा पायऱ्यांपर्यंत आला होता. मर्व्हिनने डोळे मिटले, सावकाश श्वास आत घेतला.

"हेझलनट," तो म्हणाला. "मागून जरा वाळलेलं गवत. छान. खडू दे."

तिने खडू दिला नाही. तो थांबला. मग अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत राहिला. हा तेलकटपणा लोण्याचा नव्हता.

"काय लावलंस?"

"रॉकेल."

"कधी कळलं?"

"आत्ता. तुला?"

"टाके काढले त्या दिवशी." तो खालच्या पायरीवर बसला. "इरिसचा स्वेटर काढून हुंगला कपाटातून. हाताला नुसती लोकर."

"आणि नऊ महिने तू हेझलनट, हेझलनट करत होतास?"

"सत्तेचाळीस वर्षांत बहुतेक वेळा हेझलनटच असायचं, पोरी. म्हटलं, अंदाज चुकायचा नाही."

चाकं ओढ्यापासून लांब, वरच्या कुरणात पुरायचं ठरलं. आम्ही शेजारी मदतीला गेलो. पहिली काही चाकं खड्ड्यात पडून फुटली तसे सगळ्यांनी तोंडाला रुमाल बांधले. दोघं तर कुंपणाकडे पळाले. मर्व्हिन एकटा उघड्या तोंडाने दिवसभर चाकं रचत होता. "काय नाजूक झालात रे," तो म्हणाला. आम्ही हसलो नाही. एकशे बारावं चाक त्याने स्वतः ठेवलं आणि मातीही स्वतःच लोटली.

पुढच्या जानेवारीत नव्या चाकांपैकी पहिलं तयार झालं. जोस्लिन सळई घेऊन तळघरात उतरली. मर्व्हिन दाराबाहेरच उभा राहिला.

"आत ये ना."

"एकच नाक. नियम आहे."

तिने गाभा काढला, चुरला, हुंगला. पुन्हा हुंगला.

"बाबा, पाऊस पडून गेलेल्या दगडासारखा वास येतोय. बरा की वाईट?"

"हेझलनट नाही?"

"हेझलनटचा कसा येतो चीजमध्ये? मला कधी दाखवलास?"



"तुला काय वाटतं?" त्याने विचारलं. त्या तळघराच्या दारात हा प्रश्न त्याने याआधी कुणाला विचारलेला आम्हाला माहीत नाही.

ते चाक अजून फळीवर आहे. रेघ नाही, आणि डुकरांनाही घातलेलं नाही.