मामाला मारायची परीक्षा

आता हे कुठल्या तोंडानं सांगू? सासुरवाडीत माझी जी शोभा झाली, ती आमच्या मेढा गावात अजून कुणाला कळलेली नाही. तुम्हीही पोटातच ठेवा!

त्याचं असं झालं. चाळिशी उलटल्यावर पोट आत घ्यायचं म्हणून मी साताऱ्यात कराटेच्या क्लासला जायला लागलो. तिथं एकच पवित्रा तीन तऱ्हांनी करायचा. आधी रिकाम्या हातानं, मग काठी घेऊन, आणि शेवटी एका लाकडी खांबावर. त्या खांबाला माणसासारखे हात बसवलेत. कितीही मारा, ढिम्म हलत नाही! पोरं त्याला 'मामा' म्हणतात. मीही म्हणायला लागलो.

परीक्षा रविवारी, आणि शुक्रवारी बायकोनं मला आटपाडीला माहेरी नेलं. शनिवारी दुपारी मेंढरांच्या वाड्यामागं जाऊन मी क्लासमधल्या दत्ताला फोन लावला.

"दत्ता, लय भ्या वाटतंय रं. रिकाम्या हातानं जमतंय, काठीनंबी जमतंय. पण मामासमोर उभं ऱ्हायलं की समदं इसरतंय."

"डोळं मिटून हाणायचं गड्या!"

"व्हय. रविवारी मामाला सोडतच न्हाई. आधी गळा, मग गुडघा!"

मागं धपकन काहीतरी पडलं. वळून बघतो तर सासूबाई! शेणाची पाटी जमिनीवर, हात तोंडावर. मी आपला हसलो. त्या पळत सुटल्या.

आता आमच्याकडं सासऱ्यांनाही मामाच म्हणतात, हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला नको?

चहाला घरात गेलो, तर कोपऱ्यातली काठी गायब, कोयता गायब. सासरे भिंतीला पाठ लावून बसलेले. मेव्हणा अशोक, फौजेतून सुट्टीवर आलेला, आमच्या मधे येऊन बसला. सकाळी कालवण अळणी आहे म्हणालो, ते लागलं की काय? म्हटलं, आपणच गोडीनं घ्यावं.

"मामा, रानात फिरून येऊ या का? आपण दोघंच."

"न्हाई!" सासूबाई किंचाळल्या.

"दाजी, गप बसा," अशोक उठलाच.

बायको रडत म्हणाली, "आवं, माझ्या बापानं तुमचं काय वाकडं केलंय?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खांब, क्लास, परीक्षा, सगळं शपथा घेऊन सांगितलं. कुणाला पटेना.

"मग करून दावा," सासूबाई म्हणाल्या.

अंगणात सगळे गोल उभे राहिले. रिकाम्या हातानं सुरू केलं आणि तिसऱ्याच चालीला पायात पाय अडकला. अशोकनं काठी आणून दिली, ती माझ्याच कानावर बसली. शेवटी डोळे मिटून गोठ्याच्या खांबावर हात हाणला, आणि "आई गं" करत मनगट धरून खाली बसलो. खांबाला बांधलेल्या शेळीनं मानसुद्धा वर केली नाही.

सासरे पुढं आले, मला धरून उठवलं, आपादमस्तक न्याहाळलं.

"आवं जावईबापू, तुमाला भिऊन मी दुपारधरनं परसाकडं गेलो न्हाई व्हय!"

आणि टमरेल उचलून ते तरातरा निघून गेले.