स्टेटसवरची प्रार्थना
मोबाईलवर कुणी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं, की भिलाईच्या चर्चची लाल धुळीनं माखलेली पायरी आठवते. अकरावीत होते. उपासना संपल्यावर कॉयरमध्ये माझ्यासोबत गाणारी मैत्रीण कानात म्हणाली, "बाबाची दारू सुटून नाही राहिली. प्रार्थना कर." घरी पोहोचायच्या आत मी स्टेटस टाकलं, ‘कॉयरमधल्या मैत्रिणीच्या बाबांची दारू सुटावी, प्रार्थना करा.’ नाव टाकलं नाही, याचाच केवढा अभिमान! कॉयरमध्ये मुली आम्ही दोघीच, हे सुचलंच नाही. जोडलेले हात येत राहिले, मी खूश होत राहिले. पुढच्या रविवारी बायका एकेक करून तिच्या आईचा हात धरत होत्या, आणि आई मान खाली घालून उभी होती. मैत्रीण एवढंच म्हणाली, "तुले देवाले सांग म्हटलं होतं." देवाला तर मी सांगितलंच नव्हतं. हे तिला अजून सांगता आलेलं नाही.