कुलपातले हातमोजे

कॅन्सरच्या रुग्णांना सलाइनमधून द्यायची औषधं तयार करण्याचं काम नाशिकच्या आमच्या हॉस्पिटलात माझ्याकडे होतं. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. आम्ही सिस्टर मंडळी तपासणीचे साधे हातमोजे घालायचो, फार तर एकावर एक दोन. एवढं जहाल औषध आपल्या बोटांना काय सोडणार, असं कधी कधी मनात यायचं. पण कामाच्या रगाड्यात तो विचार टिकायचा नाही.

एकदा आमच्या डॉक्टरांनी परदेशातून जाड हातमोज्यांचा एक बॉक्स आणला. तिकडच्या सरकारी खात्यानं खास या औषधांसाठी मंजूर केलेले. कोणतं औषध मोज्यातून किती मिनिटांनी आरपार जातं, ते बॉक्सवर छापलं होतं. एका औषधासाठी हे मोजे वापरूच नका, असंही स्पष्ट लिहिलं होतं. कुणीतरी घड्याळ लावून हे तपासत बसलं असेल, याचंच मला अप्रूप वाटलं. आमच्या मेट्रनबाईंनी मात्र बॉक्स कपाटात ठेवून कुलूप लावलं. चांगली वस्तू रोजच्या वापराला काढायची नाही, ही आपल्याकडची खोडच. पाहुण्यांच्या कपबश्यांसारखे ते मोजे इन्स्पेक्शनची वाट बघत पडून राहिले.

मला तेव्हा दुसरा महिना होता. आधीचं एक मूल, हेच काम करत असताना, पोटातच गेलं होतं. मी सगळ्यांना सांगत सुटले म्हणून दृष्ट लागली, असं निफाडच्या आमच्या सासूबाईंचं म्हणणं. या वेळी तिसरा सरेपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. बॉक्स वाचेपर्यंत मी ती पाळली. मग माझं डोकंच फिरलं. दृष्ट लागली होती की औषध बाधलं होतं, हे आता मला कोण सांगणार होतं?

मेट्रनबाईंच्या टेबलाशी जाऊन म्हटलं, "बाई, कुलूप काढा. मला दिवस गेलेत."

त्या बघतच राहिल्या. "मोजे देते गं. पण तू आता त्या खोलीत पाऊल टाकायचं नाहीस. आणि हे आज सांगतेस होय?"

"तीन महिने झाल्याशिवाय सांगत नाहीत ना."

"तोवर औषध थांबतं का?" असं म्हणत त्यांनी कमरेची किल्ली काढली.

मला ओपीडीत टाकलं. सुटल्यासारखं वाटून मी चक्क रडले. पुढे लेक झाली, चांगली धडधाकट.

ओपीडीत जाण्याआधी माझ्या जागी आलेल्या नव्या सिस्टरला, त्या खोलीबाहेरच, काम समजावून द्यायचं होतं. लग्नाला वर्षही न झालेली पोरगी. मी तिला बॉक्सवरचं सगळं वाचून दाखवलं, मोजे बाहीवरून कसे ओढायचे ते शिकवलं, आणि सरळच विचारलं, "तुझं काही आहे का, दिवस वगैरे?"

तिनं मोजे घालता घालता खाली बघितलं. "ताई, घरचे म्हणतात, एवढ्यात कुणाला सांगायचं नाही."

मी तिच्या हातातले मोजे काढून घेतले.